दोन हातांची चिंचपेटी

अनसाअक्कांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा मी दोनदा नाही म्हणाले. हा विनय नव्हता, कंटाळा होता. झरीतल्या आमच्या क्रोशा मंडळाची पत्रं, प्रदर्शनांचे अर्ज, पार्सलांवरचे पत्ते हे सगळं इतकी वर्षं मीच लिहीत आले आहे. लिहायचं म्हटलं की आता विचार सुचण्याआधी माझा उजवा खांदा दुखायला लागतो. शिवाय गौरवलेखात गोड लिहावं लागतं, आणि गोडाचा आमच्या मंडळाला एकदा चांगलाच अनुभव आलेला आहे. तो पुढे सांगेनच. तिसरा निरोप आला तो खुद्द अक्कांचा. "लिहायचं तर खरं लिही म्हणावं, न्हाईतर लिहू नको म्हणावं." त्यानंतर मला पळवाट उरली नाही.

अक्कांना जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. श्रीमती अनसूयाबाई, म्हणजे आमच्या अनसाअक्का, यांचं माहेर गंगाखेडचं आणि सासर झरीचं. बारीक सुती दोऱ्याची जाळी क्रोशाच्या सुईवर विणून त्या दागिने करतात. कानातली फुलं, झुमके, वेल, गळ्यातल्या माळा, चिंचपेट्या, सगळं दोऱ्याचं. गावातल्या वीसेक बायका त्यांच्या ओसरीवर बसून हे काम शिकल्या आणि आजही करतात. मी त्यांतलीच एक.

अक्कांची आणि माझी पहिली भेट माझ्या लग्नात झाली, मानवतला, माझ्याच रुखवतापुढे. रुखवतात मधोमध क्रोशाचा एक मोठा रुमाल मांडला होता. आई येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होती, "आमच्या सुनंदानं विणलाय." वऱ्हाडातल्या बायकांनी तोंडभरून कौतुक केलं. मग एक उंच, सडपातळ बाई पुढे आल्या. त्यांनी रुमाल सरळ उचलला, उलटा केला आणि मागच्या बाजूवरून अंगठा फिरवत नेला.

"ह्याच्यात दोन हात हायेत," त्या म्हणाल्या. "इथपस्तोर एकीनं विणलंय, इथून पुढं दुसरीनं. दुसरीचा हात सैल हाय."

ते खरं होतं. अर्धा रुमाल माझ्या मावशीनं विणून दिला होता, कारण माझी परीक्षा होती आणि मुहूर्त जवळ आला होता. सैल हात माझा होता. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. आईचा चेहरा उतरला. या बाईचं तोंड पुन्हा पाहायचं नाही, असं मी हळदीच्या अंगानं ठरवून टाकलं. झरीला गेले तेव्हा कळलं की त्यांचं घर आमच्या घरापासून चौथं.

पंधरा दिवसांनी त्या स्वतःच आमच्या दारात आल्या. माझी माफी वगैरे मागितली नाही. "सैल हात घट्ट करता येतो, पोरी," त्या म्हणाल्या. "घट्ट हाताला सैल करायला लय दिवस लागतेत. तुझं सोपं हाय. दुपारी येत जा." सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी हो म्हणाले. त्या दुपारपासून आजतागायत मी जाते आहे.

अक्कांना हे काम त्यांच्या आईंकडून आलं. परकराच्या कडा, ताटावरचे रुमाल, पाळण्यावरची जाळी, दाराचं तोरण एवढीच त्या काळी क्रोशाची हद्द होती. ज्यांनी कधी सुई हातात धरली नाही त्यांना एवढं कळलं तरी पुरे, की आधी दोऱ्याची एक साखळी विणायची असते. त्या साखळीवर उभे खांब येतात आणि खांबांच्या मधे घरं राहतात. पहिल्या साखळीत एक टाका कमीजास्त झाला की वरची सगळी जाळी तिरकी जाते. अक्का चौथीपर्यंत शिकल्या, पण नमुना कधी त्यांनी कागदावर लिहिला नाही. "तीन खांब, दोन साखळ्या, एक घर सोड," असं त्या बोलत जायच्या आणि दहाबारा सुया त्या बोलण्यावर चालायच्या. त्यांच्याकडे पाहुणे आले तरी बोलणं थांबत नसे. पाहुण्यांची चौकशी आणि खांबांची मोजणी एकाच सुरात होई.

या तोरणांचे दागिने झाले ते बायजाबाईंमुळे. बायजाबाई मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. आठवडी बाजारातलं खोटं कानातलं घालून त्यांचे कान चिघळले. डॉक्टरांनी बजावलं की कानात कसलाही धातू घालायचा नाही. सोन्याची तर बातच नव्हती. मग बायजाबाई चारचौघींत यायच्याच बंद झाल्या. हळदीकुंकवाला बोलावलं तर पदर कानांवरून ओढून दाराशी बसायच्या आणि वाण घेऊन उठायच्या. सवाष्णीनं बुच्च्या कानानं बसावं याची त्यांना लाज वाटायची. अक्कांनी ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी लाल आणि काळ्या दोऱ्याची दोन फुलं बायजाबाईंच्या हातावर ठेवली. बोराएवढी, मधे घट्ट गाठीचा मणी, मागे दोऱ्याचाच फासा.

"धातू न्हाई ह्याच्यात," अक्का म्हणाल्या. "घाल आन् पदर मागं घे."

बायजाबाईंनी पदर मागे घेतला आणि त्याही ओसरीवर विणायला बसू लागल्या. पुढच्या आठवड्यात तसली फुलं सगळ्यांनाच हवी झाली, ज्यांचे कान ठणठणीत होते त्यांनाही.

त्यानंतरचं सगळं लिहीत बसले तर मला दम लागेल. थोडक्यात सांगते. दोरा परभणीहून आणायचा, तो पक्क्या रंगाचा आहे का ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघायचं. विणून झालं की दागिना साबुदाण्याच्या खळीत बुडवायचा, टाचण्या टोचून आकाराला बसवायचा आणि सावलीत वाळवायचा. खळ पातळ झाली तर झुमका मान टाकतो, घट्ट झाली तर घडीवर पांढरी भेग पडते. सुरुवातीला शहरातल्या बायका हातात घेऊन हसायच्या, दोऱ्याचा कसला आलाय दागिना, भातुकलीचा आहे का, म्हणायच्या. अक्का त्यांना उत्तर देत नसत, फक्त दागिना उलटा करून समोर धरीत. मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ असे. एवढ्यावर काहीजणी घेत आणि काहीजणी तरीही हसत निघून जात. मी मात्र दरवेळी भांडायला उठायची आणि अक्का माझा पदर धरून मला खाली बसवायच्या.

अक्कांच्या ओसरीचा एक नियम आहे. तो सांगितल्याशिवाय हा लेख पुढे जाऊच शकत नाही. काम चुकलं तर ते जिचं तिनं उसवायचं, स्वतःच्या हातानं, सगळ्यांच्या समोर. दुसरीनं मागून हळूच नीट करून ठेवायचं नाही. नव्या बायकांना हे फार लागतं. घरात दिवसभर चुका काढून घेऊन आलेल्या बाईला इथेही तेच, असं वाटतं. पण इथे कोणी बोलत नाही. बाई उसवते आणि शेजारची तिचा सुटलेला दोरा गुंडाळत जाते, एवढंच. "जिला आपलं कुठं चुकलं ते ठाव हाय, ती तिथं पुन्यांदा चुकत न्हाई," असं अक्का म्हणतात. "आन् मागून नीट केलं तर काम सुधरतंय, पर बाई न्हाई सुधरत."

आता ते गोडाचं प्रकरण. एका पावसाळ्यात सलग आठवडाभर ऊन पडलं नाही. साबुदाण्याची खळ वाळेना, दागिन्यांना आंबूस वास यायला लागला, आणि परभणीचं प्रदर्शन चार दिवसांवर. मला अक्कल सुचली. साखरेचा पाक पातळ करून त्यात दागिने बुडवले की ते कडक होतात, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. झालेही तसेच. काचेसारखे कडक आणि वर चकाकी. मी खूश होऊन सगळ्या माळा डब्यांत भरल्या. प्रदर्शनात पहिल्याच बाईंनी माळ गळ्याला लावून आरशात पाहिलं आणि किंचाळल्या, "अहो, तुमच्या माळेला मुंग्या लागल्यात!" डबे उघडले तर प्रत्येक डब्यात मुंग्यांची रांग. शेजारच्या गाळ्यातल्या पापडवाल्या बायकांनी उरलेला दिवस आमच्याकडे बघून हसण्यात घालवला.

आम्ही संध्याकाळच्या एसटीनं डबे मांडीवर घेऊन परत आलो. मला वाटलं आता सकाळी ओसरीवर माझी खैर नाही. सकाळी त्यांनी कोमट पाण्याची बादली माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः दुसरी बादली घेऊन शेजारी बसल्या. एकेक माळ धुताना मला सगळ्यांसमोर सांगावं लागलं की साखर मी घातली. "हाव, आन् मी पैल्यांदा खळीत मीठ घातलं होतं," अक्का म्हणाल्या. "आईनं सांगितलं चिमूटभर कायतरी घालायचं, मी मीठ घातलं. वाळल्यावर तोरणाला मिठाचं पांढरं फूल आलं, शिंगाड्याच्या पिठावानी." बायका हसून हसून कोलमडल्या. मीही हसले. दुपारपर्यंत दोघींनी मिळून सगळ्या माळा धुतल्या. अक्कांचं वय तेव्हा पासष्टीच्या आसपास असेल, आणि त्या दिवशी त्या एकदाही पाठ टेकायला उठल्या नाहीत.

व्यक्तिगत उपकारांबद्दल लिहावं असा रिवाज आहे. तसे प्रसंग खूप आहेत, मी एकच लिहिते. माझे यजमान गेले तेव्हा मी ओसरीवर जाणं सोडलं. कानातलं काढलेलं होतं. महिना उलटल्यावर अक्का आल्या आणि त्यांनी माझ्या तळव्यावर राखी रंगाच्या दोऱ्याची दोन फुलं ठेवली. स्वतः विधवा झाल्यापासून त्या तशीच पांढऱ्या दोऱ्याची फुलं घालत होत्या, हे मी रोज बघत होते आणि तरी कधी त्यावर विचार केला नव्हता.

"सोनं न्हाई हे," त्या म्हणाल्या. "दोरा हाय. दोऱ्याला कोन नाव ठिवतंय बघू."

नावं ठेवली. माझ्या नणंदबाईंनीच ठेवली, माझ्या तोंडावर. अक्का तिथेच होत्या. त्यांनी नणंदबाईंना शांतपणे विचारलं, "बाई, तुमच्या लुगड्याला दोरा न्हाई का?" त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही. ती राखी फुलं आजही माझ्या कानात आहेत. चार वेळा खळ दिली, दोनदा नवी विणली, पण नमुना तोच.

इथपर्यंत लिहिलं ते लिहायला सोपं होतं. पुढचं जिवावर येतं आहे, पण अक्कांनी खरं लिही म्हणून सांगितलंय.

साधारण दोनअडीच वर्षांपूर्वी अक्कांच्या कामात चूक दिसायला लागली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण डोळ्यांचा मागचा पडदाच खराब झालाय आणि आता यापुढे सुधारणा नाही, असं डॉक्टर म्हणाले. अक्कांनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या सुई घेऊन बसल्या. पहिल्यांदा मला एका चिंचपेटीत दोन खांब सुटलेले दिसले. ती चिंचपेटी दुसऱ्या दिवशी पार्सलनं जायची होती. मी काय करायला हवं होतं ते ओसरीवरची कालची आलेली बाईसुद्धा सांगेल. मी तसं केलं नाही. मी ती घरी नेली, दुपारी दार लोटून उसवली आणि पुन्हा विणली.

मला त्यांना दुखवायचं नव्हतं. मला वाटलं ही एवढी एकच. मग दुसरी आली, मग माळ आली, मग प्रत्येकच दागिना यायला लागला. अक्का दिवसभरात जेवढं विणायच्या तेवढं मी दुसऱ्या दिवशी उसवायची. स्वतःचं काम, पत्रं, पार्सलं आणि वर हे. माझा खांदा तेव्हापासूनचाच. उसवलेला दोरा पुन्हा कामात घ्यायला मन होईना. विणून उसवलेला दोरा सरळ राहत नाही, केसांच्या बटेसारखा वळलेला राहतो. तो मी एका पिशवीत साठवत गेले. पिशवी फुगत गेली. ती बघितली की मला रडू यायचं आणि राग यायचा, आणि राग अक्कांचा येतोय हे कळलं की स्वतःची लाज वाटायची.

बायजाबाईंच्या नजरेतून हे सुटलं नाही. "तू हे बरं करायली न्हाईस," त्या मला म्हणाल्या. "अक्काला कळलं तर?"

"कळायचं कसं? त्यांना दिसत नाही," मी म्हणाले. ज्या बाईंनी माझ्या रुखवतातला रुमाल उलटा करून नुसत्या अंगठ्यानं दोन हात ओळखले होते, त्यांच्याबद्दल मी हे बोलले. माणूस थकला की त्याची अक्कल जाते ती अशी.

मग अक्कांच्या नातीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं. पल्लवीनं हट्ट धरला की लग्नात गळ्यात आजीच्या हातची चिंचपेटीच घालणार. अक्कांनी ती महिनाभर विणली. आतल्या खोलीत, दाराशी उजेडाला बसून. एवढ्या जपून मी त्यांना कधी काम करताना पाहिलं नव्हतं. "खळ देऊन ठीव," म्हणून त्यांनी ती माझ्याकडे दिली, तेव्हा मी उलटी करून बघितली. घरं वेडीवाकडी, एका जागी चार खांबांच्या ठिकाणी सहा. मी ती घरी नेली आणि उसवली. तीन दुपारी लागल्या. अगदी अक्कांच्या नमुन्यानं, त्यांच्या ताणानं, जमेल तितकं त्यांच्यासारखं विणलं.

ओसरीवर सगळ्या जमलेल्या असताना मी ती वाळलेली चिंचपेटी त्यांच्या हातात दिली. बायका छान छान म्हणत होत्या. अक्कांनी ती उलटी केली आणि अंगठा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत.

"हे माझं न्हाई," त्या म्हणाल्या. "हे सुनंदाचं हाय."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"कवापासून?"

"दोन वर्षं झाली, अक्का."

त्यांनी चिंचपेटी खाली ठेवली, भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या. दार लोटून घेतलं.

त्यानंतर पंधरा दिवस अक्का ओसरीवर आल्या नाहीत. आम्ही यायचो, बसायचो, पण नमुना बोलणारं कोणी नव्हतं. अक्कांच्या सुनेनं चहा आणून दिला की आम्ही आत बघायचो, ती नाही म्हणून मान हलवायची. दोनतीन बायका यायच्या थांबल्या. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि पल्लवी कोणाशी बोलत नव्हती. मला उघड दिसत होतं की अक्का बाहेर आल्या नाहीत तर ही ओसरी मोडणार, आणि ती कोणा परक्याच्या नव्हे, माझ्या हातानं मोडणार. खरं लिहायचं म्हणून हेही लिहिते, की मनाच्या एका कोपऱ्यात मला सुटल्यासारखंही वाटत होतं. मोडू दे एकदाची, म्हणजे पार्सलं नाहीत, पत्रं नाहीत, खांद्याला आराम.

सोळाव्या दिवशी मी ती वळलेल्या दोऱ्याची पिशवी घेऊन त्यांच्या खोलीत गेले. क्षमा मागायची असं घरून ठरवून निघाले होते. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मी थकले, अक्का," मी म्हणाले. "दोन बायांचं काम मी एकटी करायले. माझा हात वर जाईना. तुमी रागावा, पण मी थकले." आणि मी त्यांच्या खाटेशी खाली बसून मोठ्यानं रडले. पन्नाशी उलटलेल्या बाईला शोभणार नाही असं.

अक्कांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "मग म्हनायचं होतं. तुझं तोंड कुनी धरलं होतं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. बायजाला न्हाई वाटलं? तुला न्हाई वाटलं, साखर घातली तवा? समद्या बाया माझ्यासमोर उसवल्या. मीच तेवढी कामून येगळी? नजर गेली म्हनून मला पंगतीतून उठीवलंस तू." त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "मला उसवता येत न्हाई का गं? डोळे गेलेत, बोटं हायेत."

मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी हात घालून दोरा चाचपला. वळलेल्या बटा बोटांनी सरळ करून पाहिल्या, त्या पुन्हा वळल्या.

"एवढा?" त्या म्हणाल्या.

"एवढा."

"आन् हे समदं तू एकटीनं उसवलंस." त्यांनी माझा उजवा खांदा हातानं शोधला आणि दाबून धरला. नेमका दुखतो तिथेच धरला होता, पण मी हात काढा म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का ओसरीवर येऊन बसल्या. चिंचपेटी माझ्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "उसव." तीन दुपारींचं ते काम मी शेवटच्या टाक्यापासून उसवत गेले आणि सुटलेला दोरा अक्का स्वतः गुंडाळत गेल्या. बायजाबाई डोळे पुसत होत्या. उसवून झाल्यावर अक्कांनी नवा दोरा आणि जरा जाड सुई मागितली. पहिली साखळी त्यांनी विणली, एकेक टाका बोटानं चाचपून, मोठ्यानं मोजत. मध्येच बायजाबाई म्हणाल्या, "अक्का, एक टाका गळालाय." अक्कांनी चारपाच टाके उसवले, आम्हा सगळ्यांच्या समोर, आणि पुन्हा विणले. तो गळालेला टाका सांगताना बायजाबाईंचा आवाज किती बारीक झाला होता, ते मी विसरणार नाही. साखळीवरचे खांब मी विणले.

लग्न झरीतच झालं. मांडवात शहराकडच्या एक पाहुण्या पल्लवीच्या गळ्याकडे बघत म्हणाल्या, "आजींच्या हातचं आहे ना? काय सुरेख आहे." अक्का शेजारीच खुर्चीवर होत्या. त्यांनी नातीला जवळ ओढलं, भर मांडवात तिच्या गळ्यातली चिंचपेटी बोटानं उलटी केली आणि त्या बाईंच्या समोर धरली.

"ह्याच्यात दोन हात हायेत, बाई," त्या म्हणाल्या. "साखळी माझी हाय. वरची जाळी सुनंदाची. आता तिचा हात सैल न्हाई."

माझ्या रुखवतापुढे त्यांनी जे वाक्य म्हटलं होतं त्यावर मी इतकी वर्षं मनातून रुसून होते. त्या मांडवात ते पुन्हा ऐकलं आणि मी पुढे होऊन पल्लवीच्या गळ्यातली चिंचपेटी सुलट केली.

तेव्हापासून आमच्या मंडळाच्या प्रत्येक गळ्यातल्याची पहिली साखळी अक्का विणतात. दागिना कुठेही गेला तरी त्याच्या तळाशी त्यांची ओळ असते. चुकलं की आम्ही सांगतो आणि त्या उसवतात. कधी चिडतात, कधी हसतात, कधी सुई ठेवून देतात आणि चहा मागतात. उरलेलं सगळं आधीसारखंच आहे. पार्सलं आहेत, पत्रं आहेत, माझा खांदा आहे. आमचा थकवा गेला, असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर अक्का हा लेख कोणाकडून वाचून घेतील तेव्हा तेवढं एक वाक्य मला उसवायला लावतील.

शुभेच्छा देण्याआधी मी त्यांनाच विचारलं, की काय लिहू. शंभर वर्षं लिहू का? "शंभर कशाला," त्या म्हणाल्या. "बोटं हलतेत तवर पुरे." म्हणून मी एवढंच मागते. अक्कांची बोटं पुष्कळ वर्षं हलती राहोत, तब्येत धड राहो, दुपारची झोप लागो आणि चहा गोड मिळो. गोड फक्त चहातच. आणि त्यांचा टाका गळाला तर तो तोंडावर सांगायची हिंमत मला रोज राहो. आज दुपारी त्या साखळी विणत होत्या. नवव्या टाक्याला मी म्हणाले, "अक्का, चुकलं." त्या म्हणाल्या, "दोरा धर." मी दोरा धरला.